संगणकाच्या परीक्षेत मामा नापास



‘रामाला भाला मारा’ हे वाक्य शेवटच्या अक्षराकडून वाचत या. पुन्हा तेच वाक्य तयार होते. ‘ती होडी जाडी होती’ आणि ‘टेप आणा आपटे’ ही वाक्ये याच कुळातील. असे शब्दही भरपूर आहेत: नयन, रबर, कडक, सरस, नवीन, जहाज, कणिक, नवजीवन. इंग्रजीत अशा शब्दाला किंवा वाक्याला पॅलिन्ड्रोम म्हणतात. संस्कृत परंपरेतून आलेला ‘विलोम’ हा शब्दही त्यासाठी वापरतात, पण आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात तो शब्द घोटाळा करतो. हिंदीच्या पुस्तकात ‘विलोम शब्द’ म्हणजे मराठीतले विरुद्धार्थी शब्द. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे ‘विलोम’ ऐकले की मला आजही आधी दिन-रात आणि सुख-दुख आठवते. म्हणून या लेखात आपण साधा ‘उलटसुलट’ हा शब्द वापरू.

आता समजा, पाचशे पानांच्या एका मराठी पुस्तकातून सगळे उलटसुलट शब्द काढायचे आहेत. माणसाला महिना लागेल आणि तरी काही सुटतील. संगणकाला काही सेकंद पुरतात. त्यासाठी जे साधन वापरतात त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. आपण त्याला ‘शोधाचा साचा’ म्हणू. नेहमीच्या शोधात आपण संगणकाला एक ठरलेला शब्द देतो आणि तो कुठे आहे ते विचारतो. साच्यात आपण शब्द देत नाही, शब्दाचा आकार देतो. मोदकाचा साचा जसा, आत सारण कोणतेही असो, आकार ठरलेला. या कल्पनेची गणिती मांडणी स्टीफन क्लीनी या अमेरिकन गणितज्ञाने केली. त्याचा लेख १९५६ साली छापला गेला. पुढे १९६८ मध्ये केन टॉम्पसन यांनी मजकुरात शोध घेण्यासाठी ती संगणकावर कशी राबवायची ते दाखवले. आज लिब्रेऑफिस, नोटपॅड++ अशा फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्येही ही सोय असते. ती वापरणारे मात्र थोडे.

साच्याची चिन्हे पाहू. टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह. कंस म्हणजे ‘इथे जे सापडेल ते लक्षात ठेव’. उलट्या तिरक्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे ‘त्या क्रमांकाच्या कंसात जे ठेवले होते, तेच इथे पुन्हा आले पाहिजे’. हा आकडा इंग्रजीच टाकावा लागतो. ^ म्हणजे ओळीची सुरुवात आणि $ म्हणजे ओळीचा शेवट. यादीत एका ओळीवर एकच शब्द आहे असे धरले, तर तीन चिन्हांच्या उलटसुलट शब्दाचा साचा असा होतो:

^(.).\1$

पहिले चिन्ह लक्षात ठेव, मध्ये काहीही येऊ दे, शेवटी पहिलेच चिन्ह आले पाहिजे. पाच चिन्हांसाठी असा:

^(.)(.).\2\1$

रोमी लिपीत लिहिलेले मॅडम, लेव्हल, रडार हे पाच अक्षरी इंग्रजी शब्द या दुसऱ्या साच्यात अगदी नेमके बसतात.

आमच्या संगणक कक्षात मुलांनी मराठी शब्दांची यादी अशा साच्यांतून काढली. नयन, रबर, कडक, सरस पास झाले. नवीन नापास. जहाज नापास. मामा, काका, दादा, बाबा सगळे नापास. पास झालेल्यांत मात्र ‘पाप’ होते आणि ‘लाल’ होते. वर्ग खूप हसला. एका मुलीने मजकूर उलटा करून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘रामाला भाला मारा’ टाकले. संगणकाने सांगितले की उलटे केलेले वाक्य मूळ वाक्यासारखे नाही. तिने वहीतले ते वाक्य खोडून टाकले. ते तिला आजीने शिकवले होते. हा लेख लिहिण्याचे कारण ते खोडलेले वाक्य आहे.

आजी बरोबर होती. संगणकानेही मोजणीत चूक केली नव्हती. दोघे वेगवेगळ्या वस्तू मोजत होते, इतकेच.

आपण ‘मा’ हे एक अक्षर मानतो. संगणकात मात्र ‘मा’ ही दोन चिन्हे आहेत, एक म आणि एक काना. खात्री करायची असेल तर कळफलकावर ‘मा’ टाइप करा आणि बॅकस्पेस एकदाच दाबा. बहुतेक प्रोग्राममध्ये फक्त काना जातो, म तसाच राहतो. जगातील सर्व लिप्यांसाठी युनिकोड नावाची जी क्रमांकपद्धती आहे, तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. त्यात प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक आहे: म चा २३५०, र चा २३५२, कान्याचा २३६६. ‘रामा’ हा शब्द संगणकाच्या पोटात २३५२, २३६६, २३५०, २३६६ असा बसलेला असतो. हे उलटे केले की पहिला येतो तो काना, ज्याला टेकायला अक्षरच नाही. ‘रामाला भाला मारा’ या वाक्यात आपल्या हिशेबाने ७ अक्षरे आहेत, संगणकाच्या हिशेबाने मोकळ्या जागा सोडून १४ चिन्हे. त्या १४ चिन्हांची रांग खरोखरच उलटसुलट नाही.

याच हिशेबाने ‘मामा’ म्हणजे म, काना, म, काना. उलटे केल्यावर काना, म, काना, म. नापास. ‘पाप’ म्हणजे प, काना, प. दोन्हीकडून तेच. पास. ‘लाल’चेही तसेच. अक्षरांनी पाहिले तर ‘लाल’ उलटा केल्यावर ‘लला’ होतो. कानाला तो उलटसुलट वाटतो, कारण बोलताना शेवटच्या ल मधला अ आपण गिळतो. म्हणजे एकाच शब्दाला कानाचे माप वेगळे, लेखणीचे वेगळे आणि यंत्राचे वेगळे. ‘मलयालम’ हा शब्द घ्या. रोमी लिपीत त्याची ९ अक्षरे उलटसुलट आहेत. देवनागरीत म, ल, या, ल, म अशी ५ अक्षरे, तीही उलटसुलट. पण देवनागरीतली ६ चिन्हे संगणकाने उलटी केली की काना य ला सोडून ल ला चिकटतो आणि शब्द बिघडतो.

युनिकोडवाल्यांनी आपली लिपी न समजता हे केले, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. देवनागरीची ही मांडणी इस्की नावाच्या भारतीय मानकावरून आली आहे, आणि तिच्यामागे व्यवहार आहे. चौतीस व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तरी ४०८ अक्षरे होतात, त्यात जोडाक्षरे अजून आलीच नाहीत. व्यंजन आणि मात्रा वेगळ्या ठेवल्या म्हणून युनिकोडमध्ये देवनागरीचे घर १२८ खोल्यांत मावले. त्याची किंमत पालकांनी मोबाईलवर मोजलेली आहे. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, मराठीची फक्त ७० चिन्हे, आणि त्यात प्रत्येक काना, वेलांटी, अनुस्वार वेगळा धरला जातो. आपल्या ‘सौंसर’ची अक्षरे तीन, पण चिन्हे पाच.

उलटे वाचताना नेमके काय उलटे करायचे, याचा निर्णय आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. भारवीच्या किरातार्जुनीयात आणि माघाच्या शिशुपालवधात उलटसुलट श्लोक आहेत. पण मराठी माणसाला अधिक जवळचे उदाहरण म्हणजे सोळाव्या शतकातील दैवज्ञ सूर्य पंडित. हे पार्थपूरचे, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीचे. त्यांच्या रामकृष्णविलोमकाव्यात श्लोकाचा पूर्वार्ध रामाविषयी आहे. तोच पूर्वार्ध शेवटाकडून वाचला की उत्तरार्ध तयार होतो, आणि तो कृष्णाविषयी असतो. म्हणजे पूर्ण श्लोकच उलटसुलट. एक नव्हे, असे श्लोकामागून श्लोक. हे काव्य करताना त्यांनी माप कोणते धरले? अक्षराचे. मात्रा आपल्या व्यंजनाला सोडत नाही आणि जोडाक्षर फोडले जात नाही. विसर्गाकडे मात्र ते थोडा काणाडोळा करतात. विशेष म्हणजे हे गृहस्थ गणिती होते. भास्कराचार्यांच्या लीलावती आणि बीजगणित या दोन्ही ग्रंथांवर त्यांनी टीका लिहिल्या आहेत. गणित आणि शब्दांचे खेळ यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवण्याची सवय आपल्याला नंतर लागली.

तेव्हा करायचे ते एवढेच, की संगणकाला आपले माप द्यायचे. साच्यात टिंबाऐवजी अक्षराचे वर्णन लिहायचे: एक व्यंजन, आणि त्यानंतर असलीच तर एक मात्रा. चौकोनी कंसात दोन टोके दिली की मधले सगळे आले, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे ‘असेल किंवा नसेल’. म्हणून एका अक्षराचा साचा [क-ह][ा-ौ]? असा होतो. छापताना सुट्या मात्रेमागे ठिपक्यांचे वर्तुळ दिसले तर घाबरू नये, ते मात्रेला टेकायला दिलेले पाट आहे. दोन अक्षरांच्या शब्दासाठी:

^([क-ह][ा-ौ]?)\1$

तीन अक्षरांसाठी:

^([क-ह][ा-ौ]?)[क-ह][ा-ौ]?\1$

पहिल्या साच्याने मामा, काका, दादा, बाबा पास झाले. दुसऱ्याने नवीन, जहाज, कणिक आले, आणि पाप व लाल दोन्ही साच्यांतून बाहेर गेले. इथे एक गोष्ट लक्षात आणून देतो. हिंदीच्या वर्णमालेत ळ नाही, पण युनिकोडच्या तक्त्यात तो ल च्या लगेच शेजारी बसला आहे. त्यामुळे ‘क ते ह’ म्हटले की ळ आपोआप येतो, आणि वळव, कळक, वाळवा हे शब्द सुटत नाहीत. कोणी हिंदी वर्णमाला पाहून व्यंजनांची यादी हाताने टाइप केली असती, तर आपला ळ बाहेर राहिला असता.

हा साचा चालवल्यावर एक गंमत दिसते. लागला, लाजला, लाभला, लावला, लाटला, लादला असे शब्द ओळीने बाहेर येतात. ही योगायोगाची गोष्ट नाही. मराठीत भूतकाळाचे क्रियापद ‘ला’ने संपते, म्हणून ‘ला’ने सुरू होणारा दोन अक्षरी धातू मिळाला की शब्द उलटसुलट होण्याची सोय होतेच. वाचवा, वाढवा, वाळवा यांचे तसेच, तिथे आज्ञार्थाचा ‘वा’ मदतीला येतो. खेळ म्हणून शोधायला बसलो आणि व्याकरण हाती लागले. हिंदीत हे शब्द ‘लगा’, ‘लजाया’ असे होतात, तिथे ही रांग लागत नाही.

आता ‘चिमा काय कामाची’ या वाक्याचे काय? उलटे वाचताना सगळे जुळते, पण सुरुवातीची चि ह्रस्व आणि शेवटची ची दीर्घ. कान माफ करतो, साचा करत नाही. ‘तो कवी डालडा विकतो’ यातही वी आणि वि यांचे जुळत नाही. (डालडा म्हणजे पिवळ्या डब्यातले वनस्पती तूप. आजीला विचारा.) मराठी लेखनाच्या नियमाप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, म्हणून आपण ‘कवी’ लिहितो. हिंदीत ‘कवि’ ह्रस्व आहे. म्हणजे हे मराठी वाक्य हिंदीच्या शुद्धलेखनाने लिहिले तर काटेकोर उलटसुलट होते! सीमेवरच्या मुलांनाच लागावी अशी ही गोष्ट आहे. संगणकावर उपाय सोपा. शोधण्याआधी मजकुराच्या एका वेगळ्या प्रतीत सगळ्या ह्रस्व वेलांट्या आणि उकार दीर्घ करून घ्यायचे, मग साचा चालवायचा. मूळ प्रतीला हात लावायचा नाही.

अनुस्वार, अ ते औ हे सुटे स्वर आणि जोडाक्षरे यांच्यासाठी साच्यात भर घालावी लागते. पैकी जोडाक्षर हे जरा हट्टी प्रकरण. ‘मध्यम’ हा शब्द म, ध्य, म असा तीन अक्षरी उलटसुलट आहे. पण संगणकात ध्य म्हणजे ध, हलंतचिन्ह आणि य अशी तीन चिन्हे. वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटते ते कुठे संपते, याचे युनिकोडचे स्वतःचे नियम आहेत, पण त्या नियमांत ध् आणि य हे दोन तुकडे धरले जात होते. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत नियम सुधारला आणि देवनागरीचे जोडाक्षर अखंड धरले जाऊ लागले. जुने प्रोग्राम अजून जुन्या नियमानेच तोडतात. म्हणून कोणत्याही प्रोग्रामला आधी ‘मध्यम’ देऊन पाहावे.

एक प्रश्न मोठ्या वर्गातल्या विद्यार्थ्याने विचारला तो मोलाचा होता. दोन अक्षरांना वेगळा साचा, तीनला वेगळा, पाचला वेगळा, हे कशासाठी? कितीही लांबीला चालेल असा एकच साचा का नाही? याचे उत्तर असे की क्लीनीच्या मूळ पद्धतीत असा साचा बनूच शकत नाही. कोणाला सुचला नाही असे नव्हे, तो शक्य नाही हे सिद्ध झालेले आहे. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५६ च्या आपल्या लेखात आरशातल्या प्रतिबिंबासारख्या रचनांचेच उदाहरण यासाठी घेतले होते.

कारण समजायला रेल्वे फाटकावर चला. नागपूर-छिंदवाडा मार्गावर मालगाडी चालली आहे, डबे लाल आणि निळे. फाटकावरच्या माणसाला लिहायला काही नाही, फक्त हाताची पाच बोटे आहेत. त्याला विचारले, ‘लाल डब्यामागे लगेच निळा आला का?’ तर गाडी हजार डब्यांची असली तरी तो सांगेल, कारण शेवटचा एक डबा लक्षात ठेवला की काम झाले. पण विचारले की ‘रंगांचा क्रम पुढून आणि मागून सारखा होता का?’ तर त्याला अर्धी गाडी जशीच्या तशी लक्षात ठेवावी लागेल. आठ-दहा डबे असतील तर निभेल. पन्नास डबे आले की बोटे संपली. क्लीनीचा साचा हा तो फाटकावरचा माणूस. तो डावीकडून उजवीकडे एकेक चिन्ह पाहत जातो आणि त्याची आठवण आधीच ठरलेल्या मापाची असते.

आपण वापरलेला कंस आणि आकडा ही नंतर जोडलेली सोय, त्या माणसाच्या हातात दिलेल्या पाट्या. पण किती पाट्या द्यायच्या हे साचा लिहितानाच ठरते, म्हणून प्रत्येक लांबीला वेगळा साचा. पर्लसारख्या काही संगणकभाषांत साचा स्वतःलाच आत बोलावू शकतो आणि ही अडचण दूर होते, पण तो आता क्लीनीचा साचा राहिलेला नसतो. माझे मत विचाराल तर लांब वाक्यांसाठी साच्याचा हट्ट धरू नये. साच्याने वाक्याची अक्षरे सुटी करून घ्यावीत, त्या अक्षरांची यादी उलटी करावी आणि मूळ यादीशी ताडून पाहावी. चार ओळींचा प्रोग्राम होतो आणि आजीची सगळी वाक्ये त्यातून पास होतात.

विश्वस्त मंडळासाठी एक व्यवहाराची बाब. आपल्या भागातील अनेक संस्थांचा जुना मजकूर कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्यात देवनागरी फक्त डोळ्यांना दिसते, आत रोमी अक्षरे असतात. ‘हिंदी’ हा शब्द तिथे एफ, जी, ए, एन, एच असा साठवलेला असतो. पडद्यावर वेलांटी आधी दिसते म्हणून ती आधी टाइप केलेली असते. अशा मजकुरात वरचा कोणताही साचा चालणार नाही, उलटसुलट शब्दच काय, विद्यार्थ्याचे नावसुद्धा सरळ शोधता येणार नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे हे पहिले काम. त्याला नवे संगणक लागत नाहीत, फक्त बदलल्यानंतर कोणीतरी बसून तपासावे लागते.

विद्यार्थ्यांसाठी आता थोडे काम. समोसा, शीश, वाचवा, कटक आणि डालडा हे पाच शब्द आधी टिंबाच्या साच्यांतून आणि मग अक्षरांच्या साच्यांतून काढा. प्रत्येक शब्द कुठे पास आणि कुठे नापास झाला ते लिहा. त्यानंतर सात अक्षरांचा साचा बनवा. त्यात तीन कंस लागतील. ‘रामाला भाला मारा’ मधल्या मोकळ्या जागा काढून तो त्यावर चालवून पाहा. उत्तरे संगणक कक्षात फळ्याशेजारी ठेवलेल्या वहीत लिहावीत, आणि घरून आणलेले नवे वाक्य असेल तर ते कोणाकडून ऐकले तेही सोबत लिहावे.